जुन्या युद्धफोटोतलं विमान कसं ओळखायचं: पहिल्या महायुद्धापुरती वाट

फोटोच्या मागे पेन्सिलीने ‘फोकर, १९१६’ असं लिहिलेलं असेल, तर ते वाचा, वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि तासाभरासाठी विसरून जा. १९१४-१५ मध्ये दोस्तांच्या खंदकातला शिपाई दिसेल त्या जर्मन विमानाला ‘टाउबे’ म्हणायचा, पुढे त्याच सवयीने ‘फोकर’ म्हणू लागला. शिवाय असा मजकूर बऱ्याचदा मुलाने किंवा नातवाने चाळीस-पन्नास वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सांगाडा, मग नाक आणि शेपूट, मग रंगवलेल्या खुणा, मग नंबर. मागचा मजकूर सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमका उलटा जातो. मजकुरात नाव मिळालं, की तो त्या नावाला जुळेल असं काहीतरी फोटोत शोधत बसतो, आणि सापडतंही.

स्कॅन आणि सरळ-उलट

पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे साधारण ९ × १४ सेंटिमीटरचा फोटो १२०० डीपीआयला स्कॅन करा. मोठ्या प्रिंटला ६०० पुरतात. काचेची निगेटिव्ह असेल तर २४०० ठेवा. फाइल टिफमध्ये साठवा. स्कॅनरचं आपोआप ‘शार्प’ करणं बंद करा. कडा कापू नका, कारण पंखाचं टोक, बाजूचा तंबू, स्टुडिओचा शिक्का असं कामाचं बरंच काही कडेलाच असतं. मागची बाजूही स्कॅन करा. पुसट पेन्सिल दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. रेघेचा खळगा सावलीमुळे उठून दिसतो.

फोटो वर्तमानपत्रातून किंवा मासिकातून कापलेला असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतील. तिथे डीपीआय वाढवून फक्त ठिपके मोठे होतात, विमान नाही. आणि ‘फोटो सुधारून देणारी’ एआय ॲप्स या कामात वर्ज्य समजा. ती पुसट जागी ताणतारा (पंखांना ताणून धरणाऱ्या तारा), मशीनगन, अक्षरंसुद्धा स्वतःच्या मनाने भरतात, आणि आपण त्या बनावट तारेवरून विमानाचं नाव ठरवतो.

यानंतर फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघा. निगेटिव्ह पालथी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं. अक्षरं असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर माणसं बघा: पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, आणि वैमानिकाचे ‘विंग्ज’ व पदकं डाव्या छातीवर असतात. फोटोत माणूसच नसेल तर विमान मदत करतं. एसई ५ए ची धडावरची विकर्स गन डावीकडे असते आणि अल्बाट्रोस लढाऊ विमानांचा धूर बाहेर टाकणारा पाइप उजवीकडे. इथे डावं-उजवं वैमानिकाच्या बाजूने मोजायचं.

सांगाडा मोजा

पहिला प्रश्न: पंख एक, दोन की तीन? दुसरा: पंखा (प्रॉपेलर) पुढे की मागे? पंखा वैमानिकाच्या मागे असेल तर पाठीमागे भरीव धड नसतं, शेपटीकडे जाणारी काठ्यांची उघडी जाळी असते. ही ‘पुशर’ विमानं: फार्मान, व्हॉइसिन, व्हिकर्स एफबी ५, डीएच २, एफई ८, एफई २बी. एवढ्यावरच शंभरातली बरीचशी नावं गळतात. डीएच २ आणि एफई ८ दोन्ही एकआसनी असल्याने गोंधळ होतो, तेव्हा शेपटीच्या काठ्या बघायच्या. डीएच २ च्या काठ्या वरून पाहता सुकाणूकडे एकत्र येतात. एफई ८ च्या काठ्या बाजूने पाहता एकत्र येतात आणि आडव्या शेपटीच्या मुख्य दांड्याला मिळतात.

तिसरा प्रश्न खांबांचा. दुपंखी विमानात वरच्या-खालच्या पंखांना जोडणारे खांब धडाच्या एका बाजूला किती जोड्या आहेत, ते मोजा. एक जोडी असेल तर ‘सिंगल बे’, दोन असतील तर ‘टू बे’. सॉपविथ कॅमल एक जोडीचं, बीई २सी दोन जोड्यांचं. यातला सापळा म्हणजे फ्रेंच स्पाड. त्याच्या ताणतारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक बारीक आधाराचा खांब असतो, त्यामुळे एक जोडीचं विमान दोन जोड्यांचं वाटतं. खरा खांब जाड असतो आणि हा काडीसारखा, फरक डोळ्यांना कळतो. खांब ‘व्ही’ आकाराचे असतील तर खालचा पंख मोजा. तो पुढून मागे वरच्याच्या निम्म्याइतकाच रुंद असेल, तर निवड न्यूपोर आणि अल्बाट्रोस या दोन घराण्यांवर येते. जर्मनांनी न्यूपोरची ही रचनाच उचलली होती, म्हणून हा सारखेपणा.

चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे आहे की मागे? बहुतेक विमानांत तो पुढे किंवा बरोबर वर असतो. मागे सरकलेला दिसला तर ब्रिटिश लढाऊ विमानांत मुख्यतः दोनच नावं उरतात. डीएच ५ चं नाक गोल, गन एक आणि खांबांची जोडी एक. सॉपविथ डॉल्फिनचं नाक निमुळतं, रेडिएटर धडाच्या बाजूंना, खांबांच्या जोड्या दोन, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर आलेलं.

नाक आणि शेपूट

गोल, डब्यासारखं नाक बहुधा रोटरी इंजिनाचं: नोम, ले रोन, क्लर्जे किंवा जर्मन ओबरउर्झेल. यात पंख्याबरोबर सगळे सिलिंडर फिरतात आणि वंगणाचं एरंडेल बाहेर फेकलं जातं. म्हणून झाकण बऱ्याचदा खालून उघडं असतं आणि पोटाखाली तेलाचे काळपट ओघळ दिसतात. इंजिन चालू असताना फोटो काढला असेल तर सिलिंडरही पंख्यासारखे धूसर येतात. पंखा धूसर आणि सिलिंडर मात्र लख्ख असतील, तर ते स्थिर रेडियल इंजिन आहे, आणि मग फोटो पहिल्या महायुद्धातला असण्याची शक्यता फार कमी.

इथेही स्पाड फसवतं. त्याचं नाक गोल आहे, पण तो गोल रेडिएटर आहे. मागे पाण्याने थंड होणारं व्ही-८ हिस्पानो इंजिन बसलंय. गोलात उभ्या झडपा दिसल्या तर रोटरी नाही. एसई ५ए आणि फोकर डी-७ ही जुन्या मोटारीसारखी, चौकोनी रेडिएटरची विमानं. अल्बाट्रोसचं नाक टोकदार टोपीत संपतं आणि वर मर्सिडीजच्या सहा सिलिंडरांची डोकी रांगेत उघडी दिसतात.

शेपटीत बघायचं ते उभं सुकाणू. त्याच्या पुढे फिन, म्हणजे न हलणारा उभा भाग, आहे की नाही? फोकरची एकपंखी आइंडेकर आणि तीन पंखी डीआर-१ या दोन्हींना फिन नाही, सुकाणू स्वल्पविरामासारखं. न्यूपोर ११ आणि १७ चंही तसंच. म्हणून नुसती शेपूट दिसत असेल तर नाव सांगायची घाई करू नये.

आकाराचा अंदाज हवा असेल तर चाक ही उत्तम पट्टी आहे. कॅमल, सॉपविथ पप आणि एसई ५ए ची चाकं ७०० मिलिमीटर व्यासाची, तर अल्बाट्रोस आणि फोकरची ७६०. अगदी बाजूने काढलेल्या फोटोत विमानाची लांबी ‘चाकांत’ मोजा. ५.७ मीटरचं कॅमल सुमारे ८ चाकं भरतं, ६.४ मीटरचं एसई ५ए ९ चाकं. फोकर डीआर-१ साडेसात, अल्बाट्रोस डी-५ए साडेनऊच्या पुढे. विमान तिरकं उभं असेल तर ही मोजणी सोडून द्या, उत्तर हमखास आखूड येतं.

हमखास गल्लत होणारी विमानं

*फोकर डीआर-१ आणि सॉपविथ ट्रिप्लेन.* तीन पंख दिसले की लोक ‘रेड बॅरन’ (जर्मन वैमानिक रिख्टहोफेन) म्हणून मोकळे होतात. सॉपविथचे तिन्ही पंख सारख्याच लांबीचे आणि अरुंद, दर बाजूला एकच फळीसारखा खांब, ताणतारा दिसणाऱ्या, आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) तिन्ही पंखांना. फोकरचे पंख जाड, वरून खाली आखूड होत गेलेले, ताणतारा जवळजवळ नाहीतच, एलेरॉन फक्त वरच्या पंखाला, आणि दोन चाकांच्या मध्ये आसाभोवती एक छोटा पंखच बसवलेला. फोकर डीआर-१ एकूण ३२० बनली आणि आघाडीवर १९१७ च्या उत्तरार्धात आली. ‘१९१६’ लिहिलेलं असेल तर तारीख चुकली आहे किंवा विमान.

*कॅमल आणि पप.* समोरून बघा. कॅमलचा वरचा पंख फळीसारखा सपाट आणि खालचा टोकांकडे वर उचललेला, त्यामुळे दोघांमधलं अंतर टोकांकडे कमी होत जातं. पपचे दोन्ही पंख सारखेच उचललेले. कॅमलला पुढे उंटासारखी वशिंड आणि दोन विकर्स, पपला एकच.

*अल्बाट्रोस डी-३, डी-५, डी-५ए.* भले भले अडकतात ते इथे. डी-१ आणि डी-२ सोपी: दोन्ही पंख सारखे रुंद, खांब समांतर. डी-३ पासून खांब ‘व्ही’ झाले. डी-३ चं धड दोन्ही बाजूंनी सपाट, डी-५ चं अंड्यासारखं गोलाकार. सुकाणूची मागची कड डी-३ वर सरळ आणि डी-५ वर गोल असं सगळे सांगतात, पण श्नाइडेम्यूलच्या ओएडब्ल्यू कारखान्यातल्या डी-३ चंही सुकाणू गोलच होतं. म्हणून निकाल धडावर द्यायचा, सुकाणूवर नाही. डी-५ आणि डी-५ए वेगळी करायला एलेरॉनची तार शोधा. डी-५ वर ती वरच्या पंखाच्या आतून जाते, बाहेर दिसत नाही. डी-५ए वर ती डी-३ सारखी खालच्या पंखातून वर एलेरॉनच्या दांडीला जाते. डी-५ए वर ‘व्ही’ खांबाच्या बुडाशी, खालच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी तिरपी टेकणही दिसते. खालच्या पंखात एकच आडवा दांडा असल्याने सुळकी मारताना तो पिळवटायचा, त्यावरचा तो तोडगा. १२०० डीपीआयचा आग्रह याच तारेसाठी आणि याच टेकणीसाठी.

*फाल्झ डी-३* दुरून अल्बाट्रोसच वाटतं. त्याचा खालचा पंख रुंद असतो, गन धडात बुजलेल्या असतात आणि फक्त नळ्यांची तोंडं दिसतात. कारखान्यातून ते रुपेरी रंगात निघायचं, म्हणून फोटोत एकसारखं फिकट येतं.

*बीई २सी, बीई २ई, आरई ८.* बीई २सी चे पंख जवळपास सारख्या लांबीचे. बीई २ई आणि आरई ८ चा वरचा पंख खालच्यापेक्षा बराच लांब. बीई मध्ये निरीक्षक पुढच्या जागेवर, आरई ८ मध्ये मागे, गनच्या कड्यासकट; शिवाय आरई ८ ची पाठ मोडल्यासारखी शेपटीकडे वर वळलेली.

राउंडेल, क्रूस आणि फसवा करडा रंग

त्या काळच्या बहुतेक काचा आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होत्या. त्यांना निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी फोटोत निळा रंग फिकट, जवळजवळ पांढरा येतो, तांबडा काळा येतो आणि पिवळाही गडद येतो.

राउंडेल म्हणजे विमानावर रंगवलेली देशाची गोल खूण. ब्रिटिश राउंडेल बाहेरून निळं, मध्ये पांढरं, केंद्रात तांबडं. फोटोत निळं-पांढरं एकमेकांत मिसळतं आणि पांढऱ्या थाळीत काळ्या कुंकवाचा टिळा लावल्यासारखं दिसतं. फ्रेंच राउंडेल उलटं: बाहेर तांबडं, केंद्रात निळं. त्यामुळे काळी कडी आणि आत फिकट गोल. १९१८ चं अमेरिकन राउंडेल बाहेर तांबडं, मग निळं, केंद्रात पांढरं. फोटोत तेही काळी कडी आणि आत सगळं फिकट, म्हणजे फ्रेंचासारखंच. बेल्जियमचं काळं-पिवळं-तांबडं असल्याने जवळजवळ एकच काळा गोल. ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने सुरुवातीला तांबडी कडी आणि आत पांढरं असं वापरलं, ते फ्रेंच समजून बरेच फसतात. राउंडेलवरून विमान कोणी वापरलं ते कळतं, कोणी बनवलं ते नाही: न्यूपोर फ्रेंचांनी, ब्रिटिशांनी, अमेरिकनांनी, सगळ्यांनीच वापरली. आणि सगळेच फोटो या नियमाला धरून येत नाहीत. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणाऱ्या, काचाही होत्या. म्हणून फोटोत आधी एखादी माहीत असलेली रंगीत वस्तू, उदाहरणार्थ झेंडा, शोधून तिच्याशी ताडून बघा.

जर्मन क्रूस तारखेसाठी सोन्यासारखा. टोकांकडे पसरणारा क्रूस पांढऱ्या चौकोनावर असेल तर १९१४ ते १९१६. पांढऱ्या चौकोनाऐवजी नुसती बारीक पांढरी किनार असेल तर १९१६ च्या उत्तरार्धानंतर. सरळ, समांतर कडांचा क्रूस मार्च-एप्रिल १९१८ पासून. त्या वेळी जुन्या क्रूसावरच नवा रंगवला गेला, त्यामुळे नव्या क्रूसाच्या कोपऱ्यांत जुन्याचे पसरट कान पुसट दिसतात. असा फोटो १९१८ च्या वसंतातला म्हणायला हरकत नाही. तुर्की विमानांवर पांढऱ्या किनारीचा काळा चौकोन असतो. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विमानांवर पंखांच्या टोकांना तांबडे-पांढरे पट्टे.

नंबर

ब्रिटिश नंबर मागच्या धडावर किंवा फिन-सुकाणूवर असतो. १९१६ पर्यंत नुसते आकडे, १०००० पर्यंत. त्यानंतर एक अक्षर आणि १ ते ९९९९: ए, मग बी, सी असं पुढे. नौदलाच्या विमानांना एन. धडावरचं एकटं मोठं अक्षर म्हणजे स्क्वाड्रनमधली ओळख. त्याला नंबर समजू नका. पकडलेल्या जर्मन विमानांना ब्रिटिश १९१७ पासून जी-क्रमांक देत, आणि त्यांवर ब्रिटिश राउंडेलही रंगवत.

जर्मन नंबर वाचता आला तर निम्मं काम संपलं: कारखाना, प्रकार, क्रमांक आणि तिरक्या रेघेनंतर मागणीचं वर्ष. ‘अल्ब. डी-५ए ५३९०/१७’ हे विमान आज कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहे. प्रकाराचं अक्षरही बोलतं: डी म्हणजे एकआसनी दुपंखी, ई एकपंखी, डीआर तीन पंखी, सी सशस्त्र दोनआसनी, जी मोठं बाँबफेकी, आर त्याहून अजस्र. फ्रेंच विमानांत सुकाणू बघा. तिथे कारखान्याचं अक्षर, क्रमांक आणि वजनाच्या बारीक ओळी असतात. युद्धकाळात छापलेल्या फोटोंत सेन्सॉरने नंबर खरवडलेला असू शकतो. तिथली जागा आजूबाजूपेक्षा संशयास्पद गुळगुळीत दिसते.

देणगीतून घेतलेल्या विमानांवर देणाऱ्याचं नाव लिहिलेलं असे. ते विमान पडलं की तेच नाव नव्या विमानावर जाई, म्हणून नुसत्या नावावरून विमान ठरवू नये.

घरच्या अल्बममधला फोटो असेल तर

महाराष्ट्रातल्या घरांत अशा फोटोंची मुख्य वाट मेसोपोटेमियाकडून (आजच्या इराककडून) येते. पूना डिव्हिजन, म्हणजे ६ वी डिव्हिजन, आणि तिच्यातल्या मराठा पलटणी तिथे लढल्या. बसऱ्यात मे १९१५ पासून मॉरिस फार्मान विमानं होती. पुढे लांब दांड्यांवर जादा एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी आडवी झडप) असेल तर ‘लाँगहॉर्न’, नसेल तर ‘शॉर्टहॉर्न’. एप्रिल १९१६ मध्ये कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेसाठी विमानांतून धान्य टाकलं गेलं, त्यात बीई २सी होती. वाळू, खजुरीची झाडं आणि पुशर विमान एकत्र दिसलं तर इथून सुरुवात करा.

फोटो भारतातला असेल तर मात्र ‘महायुद्ध’ हा शब्द जपून वापरा. ३१ स्क्वाड्रन १९१५ च्या अखेरीस बीई २सी घेऊन भारतात आलं, पण ब्रिस्टल फायटर आणि डीएच ९ए ही विमानं वायव्य सरहद्दीवर १९३० च्या आसपासपर्यंत उडत होती. ब्रिस्टल ओळखणं सोपं: धड खालच्या पंखावर टेकलेलं नसतं, दोन पंखांच्या मध्ये तरंगतं आणि खाली स्पष्ट फट दिसते. डीएच ९ए च्या नाकाला उभा चौकोनी रेडिएटर. तशाच बांध्याचं पण पुढे उघड्या सिलिंडरांचं रेडियल असेल तर ते वेस्टलँड वापिटी. भारतीय वायुसेनेची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीत वापिटीवरच उभी राहिली, आणि दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक बघायलाही मिळतं.

भारतीय वैमानिकांच्या नावाने फोटो आला तर विमान ताडून बघा. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये गेले तेव्हा २३ स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन उडवत होते. इंद्रलाल रॉय ४० स्क्वाड्रनमध्ये एसई ५ए. हरदित सिंग मलिक २८ स्क्वाड्रनमध्ये कॅमल. वेलिणकरांच्या फोटोत वरचा पंख पुढे सरकलेला असेल तर ते डॉल्फिन नाही.

फारच चकचकीत, नाट्यमय ‘हवाई लढाई’ दिसली तर सिनेमाचा संशय घ्या. हॉलिवूडने १९२० च्या दशकात ट्रॅव्हल एअर कंपनीची विमानं रंगवून फोकर म्हणून वापरली होती.

निष्कर्ष लिहिताना

तीन पायऱ्या ठेवा: निश्चित, बहुधा, शक्य. प्रत्येक पायरीपुढे कारण लिहा, म्हणजे उद्या कोणी चूक काढली तर नेमकी कुठे ते कळेल. सुरुवातीच्या ‘फोकर, १९१६’ कडे वळू. समजा फोटोत दोन पंख आहेत, ‘व्ही’ खांब, टोकदार नाक, वर सहा सिलिंडर, गोलाकार धड, खालच्या पंखातून निघालेली एलेरॉनची तार, आणि बारीक पांढऱ्या किनारीचा पसरट क्रूस. नोंद अशी होईल: ‘अल्बाट्रोस: निश्चित (नाक, सिलिंडर, खांब). डी-५ए: बहुधा (धड, तार; टेकण सावलीत). १९१७ चा उत्तरार्ध ते एप्रिल १९१८: बहुधा (प्रकार, क्रूस). मागचा मजकूर: “फोकर, १९१६”, पेन्सिल, दोन्ही जुळत नाहीत.’ तो मजकूर पुसू नका, जसाच्या तसा नोंदवा. कोणत्या घरातून, कोणत्या पलटणीच्या माणसाकडून फोटो आला, याचा माग पुढे त्याच अक्षरावरून लागू शकतो.